इलेक्ट्रिक डायपोल शिकायचा असेल तर फेटचं ‘चार्जेस अँड फील्ड्स’ वापरा, पण वही घेऊन बसा

मी पुण्यात कर्वेनगरला घरीच अकरावी-बारावीच्या फिजिक्सच्या ट्यूशन घेते, छोट्या छोट्या बॅच, बहुतेक पोरं स्टेट बोर्डाची आणि सगळ्यांचे डोळे सीईटीवर. हा रिव्ह्यू एका फुकट मिळणाऱ्या सिम्युलेशनचा आहे, फेट (PhET) या वेबसाइटवरचं ‘चार्जेस अँड फील्ड्स’. त्यात बरंच काही करता येतं पण मी इथे एकाच टॉपिकपुरतं लिहितेय, इलेक्ट्रिक डायपोल, म्हणजे थोड्या अंतरावर ठेवलेले एक प्लस आणि एक तेवढाच मायनस चार्ज, कारण या एका टॉपिकसाठी त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही मला अजून सापडलेलं नाही, आणि अप्पा बळवंत चौकात मिळणारी गाइडं मी बऱ्यापैकी चाळलेली आहेत.

आधी अडचण काय आहे ते सांगते. डायपोल आपल्याकडे अकरावीत येतो, इलेक्ट्रोस्टॅटिक्सच्या धड्यात, आणि सीईटीला अकरावीचं वेटेज साधारण २० टक्के, त्यामुळे अकरावीचं ‘नंतर बघू’ म्हणून सगळे पुढे ढकलतात. मग बारावीत पोटेन्शियल (म्हणजे व्होल्टेज) आलं की तोच डायपोल परत समोर उभा राहतो आणि तोपर्यंत पोरांकडे फक्त दोन फॉर्म्युले उरलेले असतात, अ‍ॅक्सियलला (दोन्ही चार्जमधनं जाणाऱ्या रेषेवर) टू के पी बाय आर क्यूब आणि इक्वेटोरियलला (मध्यातनं त्या रेषेला काटकोनात) के पी बाय आर क्यूब. यात के हा कॉन्स्टंट, आर म्हणजे मध्यापासूनचं अंतर आणि पी म्हणजे डायपोल मोमेंट, चार्ज गुणिले दोघांमधलं अंतर. ते तोंडपाठ असतात, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. पण ‘अगं, एका चार्जला आर स्क्वेअर होता, दोन चार्ज ठेवल्यावर आर क्यूब कुठनं आला?’ असं विचारलं की गप्प. माझ्याकडे मोठ्या क्लासमधनं आलेली पोरं पण गप्प, तिथे शंभराच्या वर मुलं एका हॉलमध्ये बसवून डेरिव्हेशन फळ्यावर उतरवून देतात आणि पुढच्या धड्याला लागतात, प्रश्न विचारायला वेळच नसतो. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण डायपोल ही अख्ख्या धड्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट आहे. टोटल चार्ज शून्य, तरीही बाहेर फील्ड आहे! हे ऐकून ज्या मुलाला काहीच वाटत नाही त्याला ते समजलेलंच नाही असं मी समजते.

तर हे सिम्युलेशन. फेट म्हणजे अमेरिकेतल्या कोलोरॅडो बोल्डर युनिव्हर्सिटीचा प्रकल्प, २००२ मध्ये कार्ल वीमन यांनी सुरू केला, ज्यांना त्याच्या आदल्या वर्षी फिजिक्सचं नोबेल मिळालं होतं. वेबसाइट उघडायची, सिम्युलेशन शोधायचं, चालू करायचं, लॉगिन नाही की पैसे नाहीत. स्क्रीन काळी, खाली एका खोक्यात लाल रंगाचे प्लस एक नॅनो कूलॉमचे चार्ज, निळे मायनस एक नॅनो कूलॉमचे आणि पिवळे सेन्सर. बोटाने किंवा माउसने उचलायचे आणि हवे तिथे ठेवायचे. उजवीकडे टिक करायचे चौकोन आहेत, इलेक्ट्रिक फील्ड, व्होल्टेज, व्हॅल्यूज, ग्रिड. सोबत एक मोजायची टेप आहे आणि व्होल्टेज दाखवणारं एक मीटर आहे ज्याला पेन्सिलचं बटण आहे, ते दाबलं की त्या जागेतनं जाणारी इक्विपोटेन्शियल लाइन, म्हणजे सारख्या व्होल्टेजच्या जागा जोडणारी रेघ, आपोआप काढून मिळते. बस एवढंच. इंग्रजी शब्द इतके कमी आहेत की मराठी मीडियममधनं आलेल्या मुलांना पण कुठे अडत नाही.

आता बहुतेक जण काय करतात, एक लाल एक निळा ठेवतात, बाणांची नक्षी बघतात, ‘वाव’ म्हणतात आणि बंद करतात. असं बघून काहीही समजत नाही. मी ज्या पद्धतीने वापरते ती जरा सविस्तर लिहिते कारण रिव्ह्यूचा मुद्दा तोच आहे, साधन चांगलं आहे पण त्यात आकडे मोजले तरच.

पहिल्यांदा फक्त एक प्लस चार्ज. एक मीटरवर सेन्सर ठेवला की ९ व्होल्ट पर मीटर, दोन मीटरवर २.२५, तीन मीटरवर बरोबर १. पोरांना वहीत लिहायला लावते आणि प्रत्येक आकड्याला अंतराच्या वर्गाने गुणायला लावते. तिन्ही वेळा ९. चला, आर स्क्वेअर म्हणजे काय ते हातानं दिसलं. मग त्याच्या शेजारी मायनस चार्ज ठेवायचा, टेपने मोजून अर्धा मीटर लांब, आणि इथून पुढे अंतर मोजायचं ते दोघांच्या बरोबर मध्यापासून, चार्जपासून नाही, हे आधीच ठासून सांगावं लागतं. मायनस डावीकडे, प्लस उजवीकडे, म्हणजे डायपोल मोमेंटची दिशा उजवीकडे, कारण ती मायनसकडनं प्लसकडे धरतात. आता अ‍ॅक्सिसवर एक मीटरला साधारण १०.२ येतं, दोन मीटरला १.१६ आणि तीन मीटरला ०.३४. हाताने ठेवलेलं असतं त्यामुळे शेवटचा आकडा थोडा इकडे तिकडे होतो, होऊ दे.

इथे थांबायचं आणि पोरांना बोलू द्यायचं. कारण एक मीटरवरनं दोन मीटरवर गेलं की एकट्या चार्जचं फील्ड चौथा हिस्सा झालं होतं आणि डायपोलचं जवळजवळ नववा हिस्सा झालं, धडाधड कोसळलं. का? तर लांब गेलं की दोन्ही चार्ज आपल्याला जवळजवळ एकाच जागी आहेत असं होतं, एक ढकलतो दुसरा ओढतो, दोघं एकमेकांना खाऊन टाकतात, आणि आपल्याला जे मिळतं ते फक्त उरलेला फरक. तो फरक उरतो कारण एक जण अर्धा मीटर जास्त जवळ आहे, आणि जसजसं लांब जाल तसतसं त्या अर्ध्या मीटरला किंमत कमी कमी होत जाते. म्हणजे आर स्क्वेअरमुळे एकदा कमी झालं, वर डी बाय आर (डी म्हणजे दोन चार्जमधलं अंतर) हा आणखी एक गुणक लागला, झाला आर क्यूब. डेरिव्हेशन याच्या नंतर केलं ना तर मुलं बायनॉमियलची पायरी स्वतःहून सांगतात, कारण काय टाकून द्यायचंय आणि काय ठेवायचंय ते त्यांना माहीत असतं.

आणि आता आकड्यांना अंतराच्या घनाने गुणायचं. एक मीटरला १०.२, दोन मीटरला ९.३, तीन मीटरला ९.१. फॉर्म्युल्याप्रमाणे टू के पी म्हणजे ९ यायला हवं. म्हणजे जवळ असताना फॉर्म्युला थोडा चुकतोय आणि लांब गेलं की बरोबर येतोय! पुस्तकात ‘आर इज मच ग्रेटर दॅन एल’ (एल म्हणजे दोन चार्जमधल्या अंतराचा अर्धा) अशी जी एक ओळ असते आणि जी कोणी वाचत नाही, ती इथे तीन आकड्यांत दिसते. मग इक्वेटोरियलवर, म्हणजे वरच्या बाजूला जायचं, एक मीटरला ४.११, दोन मीटरला ०.५५. घनाने गुणलं की ४.१ आणि ४.४, हे खालनं वर चढत ४.५ कडे जातंय. अ‍ॅक्सियलवालं वरनं खाली येतं, इक्वेटोरियलवालं खालनं वर जातं, आणि शेवटी एक दुसऱ्याच्या दुप्पट. गेल्या बॅचमधल्या एका मुलीने हे दोन्ही एकाच ग्राफवर काढून आणलं होतं, मी न सांगता. माझ्या दृष्टीने या सिम्युलेशनची किंमत तिथेच वसूल झाली, आणि ते तर फुकटच आहे.

बाणाची दिशा पण बघायला लावा. अ‍ॅक्सिसवर दोन्ही बाजूंना बाण उजवीकडेच, म्हणजे डायपोल मोमेंटच्या दिशेने, आणि हे डाव्या बाजूला पण तसंच आहे यावर पोरांचा चटकन विश्वास बसत नाही. इक्वेटोरियलवर बाण उलटा, सेन्सर १८० डिग्री दाखवतो. मधे कुठेतरी तो सरळ उभा पण होत असणार ना, मग शोधा कुठे होतो, असं मी सांगते आणि पुढची दहा मिनिटं शांतता असते. लांब गेल्यावर उत्तर ५४.७ डिग्रीच्या आसपास येतं, ज्या कोनाचा टॅन म्हणजे रूट टू, म्हणजे मध्यापासून एक मीटर आडवं आणि साधारण १.४१ मीटर वर गेलं की बाण उभा. सीईटीत असा प्रश्न आला की ‘टॅन अल्फा बरोबर अर्धा टॅन थीटा’ (थीटा म्हणजे मध्यापासून त्या जागेकडे जाणाऱ्या रेषेचा डायपोलशी कोन, अल्फा म्हणजे फील्डच्या बाणाचा त्याच रेषेशी कोन) मधनं तो एका ओळीत सुटतो, पण हे आधी शोधलेलं असलं की ती ओळ विसरायला होत नाही.

दुसरा मोठा फायदा बारावीवाल्यांना, पोटेन्शियलसाठी. व्होल्टेजवर टिक केलं की प्लसच्या बाजूला लाल, मायनसच्या बाजूला निळा रंग पसरतो आणि मधोमध एक उभा पट्टा काळा राहतो. मीटर तिथे ठेवा, शून्य. आता त्याच जागी, बरोबर मध्यात, सेन्सर ठेवा, बाण स्क्रीनच्या बाहेर जाईल इतका मोठा, हिशोब केला तर २८८ व्होल्ट पर मीटर. पोटेन्शियल शून्य म्हणजे फील्ड शून्य असं धरून चालणारी मुलं दरवर्षी असतात, चांगली हुशार असतात, आणि त्यांना शब्दांत कितीही सांगा, डोकं हलवतात आणि पेपरात परत तेच लिहितात. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की सुटतं, कारण रंग शेजारी शेजारी लाल आणि निळा आहे, म्हणजे व्होल्टेज तिथे शून्य असलं तरी झपाट्याने बदलतंय, आणि फील्ड हे बदलण्यावर ठरतं. मध्याच्या त्या रेषेवर पेन्सिल दाबली की सरळ उभी रेघ येते, आणि त्या रेघेवर बाण सगळीकडे आडवेच असतात, एक पण तिरका नसतो. त्यामुळे चार्ज त्या रेघेवरनं सरकवला तर काम शून्य, हा बोर्डाचा आवडता प्रश्न पण तिथल्या तिथे होऊन जातो.

आणि आता माझा स्वतःचा आवडता भाग. खोक्यातनं चार्ज हवे तेवढे काढता येतात आणि एकावर एक ठेवता येतात. एकदा एक प्लस एक मायनस एक मीटर अंतरावर ठेवा. मग दोन प्लस एकावर एक, दोन मायनस एकावर एक, आणि अंतर अर्धा मीटर. चार्ज दुप्पट, अंतर निम्मं, गुणाकार तोच. अ‍ॅक्सिसवर एक मीटरला पहिल्याचं फील्ड ३२ आणि दुसऱ्याचं २०.५, खूपच फरक. तीन मीटरला ०.७०५ आणि ०.६७६, जवळजवळ सारखं. म्हणजे लांबनं बघणाऱ्याला चार्ज किती आणि अंतर किती हे वेगवेगळं कळूच शकत नाही, त्याला फक्त गुणाकार कळतो. पी बरोबर क्यू गुणिले टू एल ही व्याख्या अशी का केली, दुसरी कुठली का नाही, हे आम्हाला कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं, आणि इथे सतरा वर्षांची मुलं स्वतः मोजून त्या निष्कर्षाला येतात. मला हे बघताना दरवेळी भारी वाटतं.

आता कमी काय पडतं ते पण लिहिते.

सगळ्यात मोठी कमतरता, फील्ड लाइन्स काढून मिळत नाहीत. फक्त बाण. बोर्डाच्या पेपरला डायपोलच्या फील्ड लाइन्सची आकृती येते, आणि बाणांवरनं अखंड रेघ काढणं नवीन मुलाला जमत नाही. मी यावर असं करते की आधी सात-आठ इक्विपोटेन्शियल काढून घ्यायच्या आणि मग कागदावर त्यांना काटकोनात छेदत जाणाऱ्या रेघा पेन्सिलने काढायच्या. वेळ लागतो पण आकृती पक्की होते.

दुसरं म्हणजे चार्ज जिथे ठेवाल तिथे चिकटून बसतात, हलत नाहीत. त्यामुळे डायपोल बाहेरच्या फील्डमध्ये ठेवला की त्याच्यावर टॉर्क, म्हणजे वळवणारा जोर, येतो आणि तो वळतो, हा अर्धा टॉपिक इथे दिसतच नाही. टॉर्कचा पी ई साइन थीटा आणि एनर्जीचा मायनस पी ई कॉस थीटा या फॉर्म्युल्यांसाठी मी साधी होकायंत्राची सुई आणि एक मॅग्नेट टेबलावर ठेवते, तिथे मॅग्नेटिक डायपोल असतो पण गणित तेच. युनिफॉर्म फील्डमध्ये नेट फोर्स शून्य आणि नॉन-युनिफॉर्ममध्ये नाही, याच्यासाठी तर कंगवा आणि कागदाचे कपटे पुरेसे आहेत. कपट्यावर एकूण चार्ज काही नसतो, कंगव्याच्या फील्डमुळे त्याचा डायपोल होतो, कंगव्याच्या जवळचं टोक जास्त ओढलं जातं आणि लांबचं टोक कमी ढकललं जातं, म्हणून तो उडून चिकटतो. पुण्यात हे डिसेंबर-जानेवारीत एक नंबर चालतं, हवा कोरडी असते. जुलैमध्ये करायला जाऊ नका, दमट हवेत कंगव्यावर चार्ज टिकत नाही.

तिसरं, मोबाइलवर चालतं पण छोट्या स्क्रीनवर टेप आणि सेन्सर दोन्ही बोटाने नीट ठेवणं वैतागवाणं आहे. लॅपटॉप किंवा टॅबच घ्या. एका लॅपटॉपवर तिघं बसले तर उत्तम, एक ठेवतो, एक वाचतो, एक लिहितो.

चौथी गोष्ट सिम्युलेशनची चूक नाही पण सांगायला हवी. केमिस्ट्रीच्या तासाला डायपोलचा बाण प्लसकडनं मायनसकडे काढतात, शेपटीला छोटी फुली असलेला, आणि फिजिक्समध्ये डायपोल मोमेंट मायनसकडनं प्लसकडे. मुलं दोन्ही एकाच आठवड्यात शिकतात आणि घोळ होतो. सिम्युलेशनमध्ये डायपोल मोमेंटचा बाण कुठेच दाखवत नाहीत, तो दाखवायची सोय असती तर हा घोळ तिथेच मिटला असता. सध्या मी स्क्रीनवर स्केचपेनने काढलेली कागदाची पट्टी धरते.

केमिस्ट्रीचा विषय निघालाच आहे तर, पाण्याच्या रेणूचा डायपोल मोमेंट १.८५ डिबाय (तो मोजायचं एकक), साधारण ६.२ गुणिले दहाचा उणे तिसावा घात कूलॉम मीटर, हा आकडा मुलांना फार छोटा आणि निरर्थक वाटतो. पण मीठ पाण्यात विरघळतं ते याच डायपोलमुळे, मायक्रोवेव्हमध्ये अन्न गरम होतं ते पण मुख्यतः पाण्याचे डायपोल बदलत्या फील्डसोबत वळायला बघतात म्हणून. आणि कार्बन डायऑक्साइडमध्ये दोन्ही बाँड पोलर असून रेणूचा डायपोल मोमेंट शून्य, कारण दोन सारखे डायपोल एका रेषेत विरुद्ध तोंडांनी. हे तर सिम्युलेशनमध्ये करून बघता येतं, मधे दोन प्लस एकावर एक, दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर एकेक मायनस. एका मुलाने हेच विचारलं होतं, ‘मॅडम, दोन डायपोल उलटे लावले तर सगळंच शून्य होणार का?’ मी म्हटलं, लाव आणि मोज. शून्य होत नाही! फील्ड राहतं, फक्त आणखी वेगाने पडतं, आर च्या चौथ्या घाताने. हा क्वाड्रुपोल, सिलॅबसमध्ये नाही, परीक्षेला येणार नाही, पण त्या दिवशी बॅच सुटल्यावर पण तिघं-चौघं लॅपटॉपसमोरनं उठायला तयार नव्हते आणि एकाच्या आईचा खालून दोनदा फोन आला.

स्टार द्यायचे तर पाचपैकी चार. एक कापला तो फील्ड लाइन्स आणि न हलणाऱ्या चार्जसाठी. जे फक्त शेवटच्या महिन्यात सीईटीचे एमसीक्यू सोडवतायत त्यांनी यात वेळ घालवू नका, त्यांच्यासाठी हे नाही. अकरावीत असाल किंवा बारावीच्या सुट्टीत असाल तर एक पूर्ण दुपार द्या, आणि घरी कोणी शिकवणारं नसलं तरी वर लिहिलेले आकडे जुळवत गेलात तर एकट्याला जमेल. शिक्षकांनी तर वापरावंच, कॉलेजमधल्या लॅबमध्ये प्रोजेक्टर नुसता धूळ खात पडलेला असतो.

दोन कामाच्या गोष्टी राहिल्या. हे सिम्युलेशन वेबसाइटवरनं फाइल म्हणून डाउनलोड करता येतं आणि मग नेट नसलं तरी ब्राउझरमध्ये उघडतं, पेनड्राइव्हवर घालून मुलांना द्या, लाइट गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर तास होतो. आणि वहीत चिकटवायला प्रिंट काढायची असेल तर आधी सेटिंग्जमध्ये जाऊन प्रोजेक्टर मोड लावा, त्यात बॅकग्राउंड पांढरं होतं, नाहीतर काळ्या स्क्रीनची झेरॉक्स काढली तर बाण दिसत नाहीत.